शलमोन ओहोळांचा खडक

जगातली सगळी माणसं दोनच ढिगांत मावतात, शहाण्यांच्या आणि मूर्खांच्या, तिसरा ढीग देवाने केलेलाच नाही, असं शलमोन ओहोळांनी आकुर्डीच्या चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीसमोर ठासून सांगितलं आणि ते खाली बसले. बसले ते नेमके त्या खुर्चीवर, जिच्या पाठीवर त्यांनीच मागच्या रविवारी लाल खडूने 'रिजेक्ट' लिहिलं होतं. त्यांना उठवायला दोघे लागले.

ढीग करणं हा त्यांचा धंदाच. उभी हयात कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून गेली. पुढ्यात पार्ट यायचा, ते मापाचं गेज लावायचे. बसला तर हिरवी पेटी, नाही बसला तर लाल. निवृत्तीनंतर पार्ट यायचे थांबले, पण हात थांबेना, म्हणून ते माणसांना गेज लावू लागले. स्वतःला त्यांनी केव्हाच हिरव्या पेटीत टाकलं होतं. आईबापांनी नावच शहाण्या राजाचं ठेवलेलं, म्हणजे तपासणी जन्मतःच झालेली.

त्यामुळे घर कुठे बांधायचं हा प्रश्नच नव्हता. शास्त्रात, म्हणजे बायबलात, प्रभूचा दाखला आहे: शहाण्याने घर खडकावर बांधलं, मूर्खाने वाळूवर, पाऊस, पूर, वारा सगळं आलं, एक टिकलं, एक पडलं. शलमोनरावांनी चाकणच्या अलीकडे खडक शोधून काढला. तो हिंदुरावांचा होता. हे तिथले जुने शेतकरी. बरीच जमीन कंपन्यांच्या कुंपणात गेलेली, आणि ओढ्याकाठच्या वाळूमिश्रित पट्ट्यावर ते स्वतः घर बांधून राहिलेले. त्यांनी गिऱ्हाइकाला परतवायचा प्रामाणिक प्रयत्न केला.

"सायेब, ह्यो निव्वळ पाषाण हाय. हितं कुत्रंबी उकरत न्हाई."

हे ऐकून शलमोनरावांचा चेहरा असा काही उजळला, की खडकाखाली याला काय दिसलं म्हणून हिंदुराव रात्रभर विचार करत राहिले.

घर उभं राहिलं. प्रत्येक भिंत ओळंब्यात. प्रभावतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकच शंका काढली, तीही पोळ्या लाटता लाटता: संडासाचा खड्डा कुठे घेणार? ते म्हणाले, प्रभू मार्ग काढील.

"प्रभू काढेल हो. पाइप कुठून काढायचा, ते तुम्ही सांगा."

ब्रेकरवाला आला. दिवसभर खडक ठोकून त्याने घमेलं बसेल एवढा खळगा केला आणि मशीन दुरुस्तीला नेतो म्हणून गेला, तो गेलाच. ड्रेनेजची लाइन गावात यायची होती, बरीच वर्षं येतच होती. मागे राहिला पांढऱ्याशुभ्र टाइल्सचा, नव्याकोऱ्या कमोडचा संडास, ज्याच्या खाली काहीही नव्हतं.

शलमोनरावांचं लक्ष मात्र ओढ्याकडे. पावसाने जोर धरला की ते आकुर्डीच्या राहत्या घरून येऊन छत्री घेऊन नव्या घराच्या आवारात उभे राहायचे आणि खालचं हिंदुरावांचं घर न्याहाळायचे. प्रार्थनाही करायचे. घर पडू नये प्रभू, आत माणसं आहेत; पण एखादी भिंत थोडीशी तडकली तर कुणाचं काय जातं? ओढा फुगला, वारा सुटला, दाखल्याबरहुकूम सगळं झालं. घर तेवढं पडायचं राहिलं. उलट हिंदुराव ओट्यावरून हात हलवायचे, मग यांनाही हलवावा लागायचा. शलमोनराव फार गोंधळले. गेज चुकत नाही, दाखला तर चुकूच शकत नाही. शेवटी त्यांनी पावसाला लाल पेटीत टाकलं.

घर समर्पणाची प्रार्थना गुरुवारी ठरली, कारण या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारची आणि देवालाही आता त्याची सवय झालेली आहे. सगळी मंडळी बसने आली. हे शहाण्याचं घर आहे, एवढं एक वाक्य चर्चच्या पाळकसाहेबांनी चारचौघांत म्हणावं, यासाठी शलमोनरावांचा जीव टांगणीला लागला होता. फोनवर त्यांनी तसं सुचवलंही होतं.

पाळकसाहेबांनी तोच शास्त्रभाग घेतला. पण म्हणाले, यात दगडाची जात महत्त्वाची नाही. जो ऐकतो आणि तसं करतो तो शहाणा. शलमोनरावांनी मान डोलावली. खडक ऐकला, खडकावर बांधलं, याहून जास्त कोण करतो? तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, शेजाऱ्यावर प्रीती करा, हेही आपण ऐकलंय. केलं का? शलमोनरावांची नजर उगाचच खिडकीबाहेर गेली. खाली हिंदुरावांचे पत्रे चमकत होते.

पाळकसाहेबांना साखरेचा विकार आणि चहा तिसरा. पुढचं वाक्य अर्ध्यात सोडून ते थांबले, तेव्हा मंडळीला वाटलं त्यांचं अंतःकरण भरून आलंय. त्यांनी यजमानाच्या कानात काही विचारलं. शलमोनरावांनी त्यांना आत नेऊन टाइल्सचं दार उघडलं. दोघं थोडा वेळ कमोडकडे अदबीने पाहत उभे राहिले.

मग शलमोनराव उतार उतरून हिंदुरावांच्या ओट्याशी गेले आणि खडकाकडे पाठ करून त्यांनी अडचण सांगितली.

"येऊ द्या की समद्यास्नी," हिंदुराव म्हणाले. "तुमचं लई उपकार हायत, सायेब."

"माझे?"

"धो धो पावसात छत्री घिऊन उभं ऱ्हायचा की तुमी, आमच्या घराकडं बघत. आमची कारभारीन सरूबाई म्हनायची, त्यो किरिस्ताव सायेब वर उभा हाय तवर आपलं घर पडायचं न्हाई. देवाला सांगत आसंल."

"सांगत होतो," शलमोनराव म्हणाले. हे खरंच होतं. "पण हिंदुराव, मी जे सांगत होतो ते..."

आपण कुठल्या ढिगात, हा कुठल्या, आणि ती प्रार्थना देवाने नेमकी कुठल्या पेटीत टाकली, काही म्हणजे काही उमगेना. मागून पाळकसाहेब शास्त्र काखेत मारून भरभर उतार उतरत होते, आणि त्यांच्यामागे, शिस्तीत, अर्धी मंडळी.

"ते ऱ्हाऊ द्या सायेब, मागनं बोलू," हिंदुराव उठत म्हणाले. "फकस्त एक सांगा त्यास्नी. आतली कडी लागत न्हाई. बसल्याव गानं म्हनत ऱ्हावा म्हनावं, म्हंजी आत कोन हाय ते कळतं."