कोणाचीच पाठ दुखत नाही

रोज सकाळी तुळजाबाई गल्लीतून हाक मारायची, "मैना, चाल वं!" आणि मैनाबाई हातातलं काम टाकून निघायची. उमरेडच्या विणकर सोसायटीच्या खोलीत दहाबारा बाया चरखे घेऊन बसत आणि मागांसाठी कांड्यांवर सूत भरत. मैनाबाईची उमर त्याच खोलीत गेली होती.

त्या सकाळी तुळजाबाई दारावरून गेली, पण तिनं हाक मारली नाही. मैनाबाई चप्पल घालून उंबऱ्यात तशीच उभी राहिली.

कारण तिला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी सभेत चेअरमन मधुकररावांनी जाहीर केलं होतं, "कांड्या भरायले विजेची मशीन येऊन राहिली. ती चालवायले एक माणूस पुरे. दिवाळीनंतर बायांनी येऊ नये." आणि वर म्हणाले होते, "ही सगळी हुशारी आपल्या जागेश्वरची!"

जागेश्वर मैनाबाईचा मुलगा. इंजिनियर झाल्यावर तो नागपूरच्या एका कॉलेजात पुढची पदवी घेत होता. यंत्राचं आणि धंद्याचं शिक्षण एकत्र देणारा तो नवा अभ्यासक्रम होता. गल्लीला त्याचा अभिमान होता. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यानं ही खोलीच निवडली. उन्हाळ्यात तो बायांसमोर सतरंजीवर येऊन बसला, तेव्हा कोणी तोंड उघडेना. मैनाबाईच म्हणाली होती, "बोला वं बायांनो. माह्यं पोरगं हाये. तुमच्या भल्यासाठीच विचारून राहिलं."

तिच्या शब्दावर बाया मोकळ्या झाल्या. तुळजाबाईनं सांगितलं, पाठ धरते, मधूनमधून उठावं लागते. कोणी गुडघ्यांचं सांगितलं, कोणी डोळ्यांचं. नवऱ्याला न सांगितलेलं त्या पोराला सांगितलं. मैनाबाईला वाटलं, आता बसायला पाठ टेकता येईल असे पाट मिळतील, एखादी खिडकी पडेल.

पोरानं लिहून मधुकररावांना दिलं ते वेगळंच. बायांची अंगं दुखतात, त्या वारंवार उठतात, म्हणून काम मागे पडतं. तेव्हा बाया कमी कराव्या!

शनिवारी जागेश्वर एसटीनं घरी आला, तो खुशीतच. मैनाबाईनं ताट वाढलं, पण शब्द काढला नाही.

"आई, काहून बोलत नाही वं?"

"तुळजीच्या पाठीचं तू काय केलं?"

"म्हंजे?"

"तिनं तुले पाठ दुखते म्हणून सांगतलं. तू मधुकररावले सांगतलं, ती कामाची नाही."

"मी तसं नाही लिहिलं. हिशेब तसाच निघाला. प्रोफेसर खूश आहेत. मशीनचा अभ्यास झाला, धंद्याचा झाला. मधुकरराव मले मॅनेजर करतो म्हणून राहिले."

"मशीनचं झालं, धंद्याचं झालं. बायायचं कोणत्या पेपरात हाये?"

जागेश्वर हसला. पलीकडे मागावर बसलेल्या श्रावणनं, त्याच्या बापानं, हात थांबवला.

"पोरा, डॉक्टरले आपण दुखणं सांगतो, कारण तो दवा देते. उद्या त्यानं तेच जाऊन मालकाले सांगतलं आन् आपलं काम गेलं, तं त्याच्यापाशी कोण जाईन गा? बायायनं तुह्यावर भरोसा नव्हता ठेवला. तुह्या मायवर ठेवला होता. तो तू मॅनेजर व्हायले वापरला."

जागेश्वरला राग आला. "मी उद्या बायायलेच विचारतो," तो म्हणाला.

सकाळी तो खोलीत गेला. चरखे चालूच राहिले.

"मावशी, पाठ कशी हाये?"

"माही पाठ?" तुळजाबाई म्हणाली. "दणकट हाये. अजिबात दुखत नाही."

"अन् काकू, तुमचे गुडघे?"

"इथं कोणाचंच काही दुखत नाही, साहेब," काकू म्हणाल्या.

साहेब! ज्या बाईनं त्याला लहानपणी आंघोळ घातली होती, ती त्याला साहेब म्हणत होती. आणि हे ऐकताना त्याला दिसलं, तुळजाबाई कमरेला हात लावून, दात आवळून ताठ बसली होती. त्याची मान खाली गेली. आपण या बायांना खोटं बोलायला शिकवलं!

तो सतरंजीवर बसला. काय लिहिलं होतं ते त्यानं सगळं सांगितलं, लपवलं नाही.

"मशीन येऊ दे ना," तुळजाबाई शेवटी म्हणाली. "आमी कधी नाही म्हणलं? पण ती चालवायले आमाले काहून नाही शिकवत? हे तू आमाले विचारलं का?"

त्यानं विचारलं नव्हतं. एवढा साधा प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नव्हता!

बायांनाच मशीन शिकवावी, असं नव्यानं लिहायचं त्यानं ठरवलं. मधुकरराव भडकले. "मग मॅनेजर व्हायचं विसर," म्हणाले. प्रोफेसरांनी बजावलं, आता बदल केलास तर पदवी लांबेल. ती लांबली. नवं लिखाण कॉलेजात देण्याआधी त्यानं त्या खोलीत वाचून दाखवलं. पुढच्या सभेत बायांच्या बाजूनं श्रावण आधी उठला, मग एकेक विणकर उठला. मशीन आली. बायांनीच ती पाळीपाळीनं चालवली. जागेश्वरला तिथली नोकरी मात्र मिळाली नाही.

मैनाबाईच्या दारात हाक यायलाही बरेच दिवस गेले.

नंतर एकदा तो पुन्हा काही विचारायला खोलीत आला आणि त्यानं सवयीनं आईकडे पाहिलं. मैनाबाईनं मान वर केली नाही. "माह्याकडे नको पाहू. या बोलण्याचं काय करशीन, ते तूच सांग त्यायले."

त्यानं सांगितलं. तुळजाबाईनं हातातली कांडी खाली ठेवली. मग म्हणाली, "दुखते गा पाठ. रोज दुखते."

वाचकहो, आपली मुलं शिकतात, मोठ्या पदव्या घेतात, हे चांगलंच आहे. पण कोणी स्वतःचं दुखणं आपल्याला सांगतं, तेव्हा ते आपल्या मालकीचं होत नाही. ते कुठं न्यायचं, हे सांगणाऱ्याला आधी विचारा. नाहीतर एक दिवस तुम्ही विचाराल, आणि कोणाचंच काही दुखत नसेल.