चार मिनिटांची वाफ

ऋतुजाला वाट बघणं मुळीच जमायचं नाही. अर्धापूरजवळच्या तिच्या आजोळी हे लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. चहाला उकळी फुटेपर्यंत ती तीनदा पातेल्यात डोकवायची आणि भागवतमामानं मोटारसायकलला किक मारायच्या आधीच मागच्या सीटवर जाऊन बसलेली असायची. अशा पोरीला गेल्या वर्षी हळद शिजवणीच्या वेळी पहिल्या वाफेसाठी सव्वा तास लिंबाखाली बसून राहावं लागलं. मग काय व्हायचं ते झालंच.

तो बॉयलर म्हणजे एक आडवी लोखंडी टाकी होती, चांगली म्हशीएवढी. पोटात पाचशे लिटर पाणी, खाली तुरीच्या वाळक्या काड्यांचा, तुराट्यांचा जाळ, वर नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला कच्च्या हळदीनं भरलेले चार ड्रम. एकदा वाफ सुरू झाली की वीस मिनिटांत ड्रम शिजून निघायचा. पण ती पहिली वाफ! तिच्यासाठी पहाटे पेटवलेल्या जाळाला उन्हं वर येईपर्यंत खाऊ घालावं लागायचं. आणि ते काम शेषेरावमिस्त्रींचं. बावीस हंगाम त्यांनी हा बॉयलर सांभाळला होता. पांढरी टोपी, भुवया जाळानं करपलेल्या, आणि नाक असं की ड्रमवरचा नुसता वास घेऊन आतली हळद शिजली की कच्ची ते सांगायचे.

"मिस्त्रीकाका, अजून किती वेळ?" ऋतुजानं दहाव्यांदा विचारलं.

"पाण्याला काय तुमच्या लातूरच्या क्लासवानी घंटा आस्ती का, भाचे? व्हईल तवा व्हईल."

बायका खो खो हसल्या. ऋतुजा सबंध गावाची भाची, तेव्हा तिची थट्टा करायचा हक्क सगळ्यांना होता. तीही हसली, पण डोक्यात चक्र सुरू झालं होतं. ड्रमला घटकेला लागते बादलीभर पाण्याची वाफ, मग पाचशे लिटर पाणी एकदम तापवायचं कशाला? लागेल तेवढंच तापवावं!

लातूरला परतल्यावर नववीचं वर्ष तिनं या एका वाक्यावर काढलं. विज्ञानाच्या सरांकडून पुस्तकं आणली, वडिलांना घेऊन फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातून तांब्याची नळी मिळवली. नळी जिलबीसारखी गोल गोल गुंडाळली, खाली गॅसची शेगडी ठेवली आणि एका टोकानं छोट्या पंपानं पाण्याची बारीक धार सोडली. पाणी नळीतून फिरता फिरताच तापायचं, उकळायचं, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याची नुसती फुसफुसणारी वाफ व्हायची. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली. मग आठ. नळी बारीक केली, वेढे वाढवले, भोवती पत्र्याचा डबा बसवला. चार मिनिटं! त्या दिवशी ती घरभर नाचली.

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला. आजवर वर्गात हात वर करायलाही जी बिचकायची, ती ऋतुजा माईक हातात घेऊन दहा मिनिटं बोलली. टाळ्या वाजल्या आणि त्या तिला फार आवडल्या. भागवतमामा पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. घरी येऊन म्हणाला, "ऋतू, औंदा हळद तुझ्या बॉयलरवर शिजवायची. मोठा करून घेऊ. तू सांग, मी नांदेडात बनवून घेतो."

झालं. नांदेडच्या एका वर्कशॉपवाल्यानं तिच्या चित्राबरहुकूम पोलादी नळीची छातीएवढी उंच गुंडाळी करून दिली. सेफ्टी व्हॉल्व्ह, पंप, वाफेचा दाब दाखवणारा गेज, सगळं बसवलं, निळा रंगही मारला.

"आणि जुना?" मामानं फोनवर विचारलं. "राहू द्यावा का एखादं साल?"

"मामा, त्या डायनासोरला कशाला जागा? काढून टाका की!"

तिनं हे हसत हसत म्हटलं होतं. मामानं मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात भंगारवाल्याचा ट्रक आला आणि बॉयलर घेऊन गेला.

शिजवणीसाठी शाळेतून पाच दिवसांची सुट्टी काढून ऋतुजा आली, तेव्हा नव्या बॉयलरभोवती निम्मं गाव गोळा झालं होतं. शेषेरावमिस्त्रीही आले. मामानं त्यांना आवर्जून बोलावलं होतं, "मिस्त्री, चालवायचा तुम्हीच." ते बॉयलरभोवती एक फेरी मारून आले, मग उलटी फेरी मारली. वाकून खालून बघितलं. गेजला बोट लावलं.

"भाचे," ते शेवटी म्हणाले, "ह्याच्या आत हात कुठनं घालायचा?"

जुन्या बॉयलरला मागच्या अंगाला एक गोल झाकण होतं. दर तिसऱ्या दिवशी बॉयलर निवला की मिस्त्री ते उघडायचे, खांद्यापर्यंत हात आत घालायचे आणि खुरप्यानं खरवडून पांढऱ्या खपल्यांची घमेली बाहेर काढायचे. ऋतुजानं गेल्या वर्षी ते पाहिलं होतं आणि नाक मुरडलं होतं. जुनाट टाकीत घाण साचणारच, एवढाच अर्थ तिनं घेतला होता.

आता तिच्यासमोर माणसं उभी होती, तिच्याकडे बघत होती, आणि प्रदर्शनातला माईक जणू अजून तिच्या हातात होता.

"काका, हात घालायचाच नाही! तेच तर डिझाईन आहे!" ती ठसक्यात म्हणाली. "हात घालायचे दिवस गेले आता. तुम्ही फक्त खाटेवर बसून बटण दाबा."

काय हशा पिकला! एकानं मागून ओरडून भर घातली, "मिस्त्री, आता हात खिशात घाला!" पुन्हा हशा. ऋतुजाही हसली, मिस्त्रीही हसले. टोपी काढली, झटकली, परत डोक्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. मामानं माणूस पाठवला तर निरोप आला, "बटन तर लेकरू बी दाबतंय. मी हणमंतरावाच्या बॉयलरवर काम धरलंय."

बारा किलोमीटरवर हणमंतराव नावाच्या शेतकऱ्याचा बॉयलर होता. तो ट्रॅक्टरला जोडून गावोगाव फिरायचा. ऋतुजाला वाटलं, बरंच झालं, म्हाताऱ्या माणसाला काम मिळालं. खरंच तिला तसं वाटलं. तेवढंच वाटलं.

पहिल्या दिवशी चार मिनिटांत वाफ आली. माणसांनी मोबाईल वर धरले. सिंधुमामीनं भाचीची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशीही चारच. तिसऱ्या दिवशी सहा मिनिटं लागली. ऋतुजा म्हणाली, जाळ कमी पडला असेल. चौथ्या दिवशी अकरा, आणि पंप असा कण्हायला लागला की जणू त्याच्या पोटात दुखतंय. तिनं जाळ वाढवायला सांगितला. पाचव्या दिवशी सकाळी नळीचा एक वेढा लालबुंद झाला, फट्‌ असा आवाज आला आणि चिरेतून वाफ जाळावर फुत्कारली. जाळ विझला. राख सगळीकडे उडाली. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

मामानं करवतीनं नळी कापली. आत भोक असं राहिलंच नव्हतं. पांढरा, दगडासारखा थर. ऋतुजानं काडेपेटीतली काडी घालून बघितली, काडीसुद्धा आत गेली नाही.

तिनं कापलेला तुकडा हातात घेतला आणि तिला एकदम सगळं समजलं. शेतातलं पाणी बोअरचं. घागरीला पांढरं पुट चढवणारं, साबणाला फेस येऊ न देणारं. टाकीत उकळलं तर खार तळाशी बसायचा आणि खरवडून काढता यायचा. पण तिच्या नळीत पाण्याचा थेंब न् थेंब वाफ होऊन निघून जात होता आणि मागे नळीतच राहत होता तो नुसता खार. लातूरला असं कधी झालं नव्हतं, कारण लातूरच्या घरात पाणी म्हणजे जारचं, शुद्ध केलेलं, बिनखाराचं. वर्षभर तिनं प्रयोगाला जारचंच पाणी ओतलं होतं. मुद्दाम नाही. ओट्यावर जार होता, तिनं त्याची तोटी उघडली, इतकं साधं.

आणि मिस्त्रींनी विचारलं होतं. सगळ्यांसमोर, नीट, एका वाक्यात विचारलं होतं.

पाच एकरांतली दोनच एकरांची हळद शिजली होती. उरलेली काढून ढीग लावून ठेवलेली, ओल्या पोत्यांखाली. हळद काढली की ती थांबत नाही. कोंब फुटतात, गड्डे मऊ पडतात, रंग उतरतो. मामानं भंगारवाल्याला फोन लावला. बॉयलर केव्हाच गॅस कटरनं कापून पुढं गेला होता. मग त्यानं एकेक बॉयलरवाला विचारला. हंगाम भरात, सगळ्यांच्या तारखा लागलेल्या. शेवटी तो हणमंतरावाकडे निघाला.

"येतीस का?" त्यानं ऋतुजाला विचारलं. "मिस्त्री भेटतेल तितं."

ती नेहमी गाडी सुरू व्हायच्या आधी बसणारी. पण म्हणाली, "माझं डोकं दुखतंय."

संध्याकाळी मामा परत आला. आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली होती, तीसुद्धा मिस्त्रींनी रदबदली केली म्हणून. मामा तिला एका शब्दानं बोलला नाही. उलट म्हणाला, "चल, तुला बसवर सोडतो, उद्या शाळा हाय." तो रागावला असता तर ती रडली तरी असती. बसमध्ये लातूरपर्यंत तिला रडूसुद्धा आलं नाही.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, पिशवीत नवं चित्र घेऊन. लिंबाखाली हणमंतरावाचा बॉयलर धूर सोडत होता. गेजपाशी हणमंतरावाचा पुतण्या कानाला मोबाईल लावून उभा होता. मिस्त्री खाली, जाळाच्या तोंडाशी उकिडवे बसून तुराट्या सारत होते. ड्रमजवळ जायचं, वास घ्यायचा, शिजलं म्हणायचं, ते काम आता त्यांचं नव्हतं.

"काय बघूलालीस, भाचे? धूर लागंल, हिकडून ये."

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. ठरवून आलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"काका, त्या दिवशी मी हसायला नको होतं."

"हसलीस व्हय? मला तर याद बी न्हाई."

त्यांना चांगलं आठवत होतं. ते दोघांनाही माहीत होतं. तिनं चित्र काढून त्यांच्यासमोर धरलं. नळ्या सरळ, वळणं वेगळी, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला उघडता येणारं टोपण, आत सळई घालून खरवडता यावं म्हणून. मिस्त्रींनी हात धोतराला पुसले, कागद उन्हात धरला आणि बराच वेळ बघितला.

"ही टोपणं जाळाकडं कशापायी घेतलीस? तापून आशी बसतेत की पान्यानं बी निघायची न्हाईत. भाईरच्या अंगाला घे."

ऋतुजानं घाईघाईनं पेन्सिल काढली.

"आन बोअरचं पाणी थेट घालू नको. आदल्या राती एका टाकीत उकळू दे, निवू दे. निम्मा खार तितंच बसतोय. वरचं निवळ घे." मग कागदावरून बोट फिरवत म्हणाले, "बाकी डोकं चांगलं चालवलंयस. चार मिनिटं म्हंजे काय खायचं काम न्हाई."

दहा मिनिटांत त्यांनी दोन चुका काढल्या, दोन्हींवर उपायही सांगितले. नांदेडला बॉयलर बनवायला टाकायच्या आधी ती असंच चित्र घेऊन त्यांच्या ओसरीवर बसली असती, तर त्यांनी हेच सांगितलं असतं. इतकंच प्रेमानं सांगितलं असतं. तिला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

"पुढच्या वर्षी हा बनवू काका. तुम्हीच चालवायचा. याल ना?"

"तीन साल हणमंतरावाला जबान दिलीया."

"मामा बोलतील त्यांच्याशी. हे काम सोडा ना तुम्ही!"

"जबान म्हंजे बॉयलर हाय का भाचे, मोडून भंगारात घालायला?"

बोलले आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. तिच्याकडे न बघता त्यांनी दोन तुराट्या जाळात सारल्या. "तुला न्हाई म्हणलं मी. आसंच तोंडाला आलं."

"ओ म्हातारबा!" वरून पुतण्या ओरडला. "गप्पा मारायला आणलंय का तुमास्नी? वाफ उतरली बगा!"

मिस्त्री गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि तुराट्यांच्या गंजीकडे गेले. ऋतुजाला त्या पुतण्याला सांगायचं होतं, हे कोण आहेत ते. पण सांगणारी ती कोण?

पहिला ड्रम उपडा झाला. वाफाळती हळद ताडपत्रीवर घसरत आली, कोंब फुटलेली, कुठं कुठं मऊ पडलेली. सिंधुमामीनं एक हळकुंड उचललं, मोडलं, आतला फिका रंग बघितला आणि दोन्ही तुकडे ढिगात टाकले. ऋतुजा चपला काढून ताडपत्रीवर गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी हळद पसरायला लागली. चटके बसत होते. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि कुणी ऊठही म्हणालं नाही.