चांगुआ नसलेला रविवार

रविवारी नोब्सा गावाच्या संघाशी आमचा तेहोचा, म्हणजे चकतीफेकीच्या खेळाचा, अंतिम सामना होता आणि माझा थोरला भाऊ एलियास खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता. वर्षभर त्याचं हेच चाललं होतं. एके काळी हाच माणूस लोखंडी चकती हातात घ्यायचा, तेव्हा पलीकडच्या ओल्या मातीवर ठेवलेली फटाक्याच्या दारूची पुडी फुटणार हे गावातली कुत्रीसुद्धा ओळखायची आणि आधीच पळ काढायची.

लोक म्हणायचे, एलियासचं बूड जड झालं. पार्किन्सन आहे म्हणून सांगितलं तर म्हणायचे, हात थरथरतो ते समजलं, पण मन का बसलंय? तुंहा शहरातल्या डॉक्टर पिनेदाबाईंनी मला ते नीट समजावलं होतं. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं, ते दादाचं आटत चाललं होतं. "लोकांना वाटतं ते आनंदाचं द्रव्य," बाई म्हणाल्या, "पण आनंद त्याला अजूनही होतो. ऊठ, तिकडे बघ, ते मिळव, असं आतून ढकलणारं कुणी उरलं नाही." आणि खरंच की. टीव्हीवरच्या सामन्यात पुडी फुटली की दादा खुदकन हसायचा. मी मुद्दाम चॅनल बदललं, तरी हूं नाही की चूं नाही.

गोळ्या चालू होत्या, गुण येत नव्हता. येत्या तपासणीतही फरक दिसला नाही, तर हा पार्किन्सन नसून गोळ्यांना दाद न देणारा दुसराच आजार असू शकेल, असं बाई म्हणाल्या होत्या. त्यावर औषध नाही. हे ऐकल्यापासून वहिनी रोसाल्बाची झोप उडाली होती. मी तिच्यावर खेकसत होते, कारण मला भीती वाटली की मी खेकसते.

त्या सकाळी दूध नासलं.

"आज चांगुआ नाही," वहिनी रडवेली होऊन म्हणाली. "उपाशीपोटी कसं न्यायचं यांना?"

चांगुआ म्हणजे उकळत्या दुधात कांद्याची पात टाकून अंडी सोडायची आणि वरून शिळा पाव. वहिनीचा सगळा जीव त्या वाडग्यात.

"एक दिवस चांगुआ मिळाला नाही म्हणून तुझा नवरा वाळत नाही," मी म्हटलं. "गुळाचं पाणी दे, गोळी दे आणि चल. कप्तानच उशिरा पोचली तर नोब्साचे म्हणतील, बाई घाबरली."

मैदानात बिअरचे क्रेट रचलेले, धूर, आरडाओरडा. दादाला बाकावर बसवलं. नोब्साचा कप्तान तोरीबियो हसत म्हणाला, "ओदिलिया, भावाला शोभेला आणलंस का?"

"तू हरशील तेव्हा साक्षीदार नको का?"

पण हरत आम्हीच होतो. खेळ संपत आला तरी माझ्या हातून एक पुडी फुटली नाही. पुन्हा चकती फेकली, पुन्हा चुकली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "कोपर वाकतंय तुझं."

कोण हा शहाणा म्हणून मी फणकाऱ्याने वळले. दादा होता. उभा होता, आपला आपण, आणि त्याची नजर माझ्या कोपरावर खिळली होती.

"अहो, बसा, पडाल," वहिनी धावली.

"बसून काय दिसतंय? मधे तू येतेस."

वर्षभरात त्याने कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. मी वहिनीचा दंड धरला. "काय केलंस याला?"

"काय करणार? धड खायलासुद्धा घातलं नाही."

"गोळी रोज कशाबरोबर देतेस?"

"चांगुआबरोबर. एक अंडं जास्त घालते, ताकदीसाठी."

"अगं, जेवणाबरोबर द्यायची नाही म्हणून बाईंनी बजावलं होतं ना?"

"मग? जेवणाबरोबर कुठे देते? चांगुआ म्हणजे काय जेवण आहे?"

कप्पाळ माझं! आमच्या अख्ख्या बोयाका प्रांतात चांगुआला कुणी जेवण म्हणत नाही. तो डोळे उघडायला प्यायचा, खाणंपिणं त्यानंतर. मी तिथूनच पिनेदाबाईंना फोन लावला.

"दूध? आणि अंडी? रोज?" बाई म्हणाल्या. "अहो, आतड्यात गोळीला आणि प्रथिनांना आत शिरायला दार एकच. रोज अंडी आत आणि गोळी दाराबाहेर."

"म्हणजे औषध लागू पडतंय?"

"स्वतःहून उठला म्हणता ना? घेऊन या उद्या, तपासते. पण मला तरी वाटतंय, लागू पडतंय."

मी ते मैदानभर ओरडून सांगितलं. वहिनीने माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं दुखली. तेवढ्यात दादाने चकतीसाठी हात पुढे केला. हात थरथरत होता. शेवटची फेक आमची होती, ती मी त्याला दिली, माझे गडी बघतच राहिले.

दादाने कोपर सरळ ठेवून फेकली. चकती झकास उडाली आणि पुडीच्या अलीकडे मातीत धप्पकन रुतली. आवाज झाला नाही. नोब्सा जिंकलं.

"जाऊ दे रे दादा," मी जवळ जाऊन म्हटलं.

"जाऊ दे काय? हरलो आपण." तो चक्क चिडला होता.

तोरीबियो स्वतः बिअरची बाटली घेऊन आला. "छान फेकलीस, एलियास. आता पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षीपर्यंत कोण थांबतंय? मला आत्ता पाहिजे."

वहिनीने ते ऐकलं आणि तोंड झाकून ती हमसून रडायला लागली. मग मलाही आवरेना. करंडक नोब्साकडे गेला होता आणि माझ्याइतकी खूश बाई त्या मैदानात दुसरी नव्हती.

दादाने आमच्याकडे वैतागून बघितलं.

"रडताय काय दोघी? कुणीतरी पुडी लावा तिकडे."