शेजारचा म्हातारा

घरवाटप खात्याच्या बाईंनी प्रश्न विचारला होता. नव्या शहरातली सरकारी घरं देण्याआधी त्या प्रत्येक कामगाराचं बिऱ्हाड पाहून जात. नवरा, बायको आणि मुलं, एवढ्यांनाच तिथे जागा होती. खाटेवर घडी घातलेल्या पांघरुणासारख्या बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहत त्यांनी विचारलं होतं, "हे कोण?"

म्हाताऱ्याच्या वेल्डर मुलाने मान खाली घातली. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगा आता बोलेल, मग बोलेल, अशी वाट पाहून अखेर म्हाताऱ्यानेच घसा खाकरला.

"मी शेजारचा, बाई. फुकटचा चहा मिळतो म्हणून येऊन बसतो."

"मग आता तुमची पंचाईत झाली की, आजोबा!" बाई हसल्या. "यांचं घर पक्कं झालं."

त्या जिना उतरू लागल्या. बापाचं बोलणं मुलाने खोडून काढलं नव्हतं. अर्धी हयात पाहिलेल्या त्या भिंती म्हाताऱ्याला एकाएकी परक्या वाटू लागल्या.

"पोरा," त्याने हळूच विचारलं, "मला न्यायला कधी येशील?"

मुलाने चपला पायांत सरकवल्या आणि बाईंना रस्त्यापर्यंत सोडायच्या निमित्ताने तो निघून गेला.