दहा पावलांवरचे ऊन

मित्रांनो, मी एक जुना सौरपंप आहे. वयाने चारच वर्षांचा, पण कामातून गेलेल्याला सगळे जुनाच म्हणतात. धानोऱ्याजवळच्या एका गावात सोनीबाईच्या विहिरीपाशी मी उभा आहे.

सरकारी अनुदानातून मी आलो, तेव्हा माझा तोरा पाहण्यासारखा होता. मी उन्हावर चालतो, मला तेलाचा थेंब लागत नाही. डिझेलचा कॅन घेऊन धानोऱ्याच्या चकरा आता संपल्या, असे घरात सारे म्हणत.

पण मला बसवणारे आले ते ऐन मोहफुलांच्या दिवसांत. सारे गाव पहाटेच फुले वेचायला जंगलात गेलेले. विचारायला कुणी नव्हते. विहिरीजवळ लख्ख ऊन दिसले, तिथेच त्यांनी खड्डे खणले, सिमेंट ओतले आणि फोटो काढून कचेरीत पाठवला. दुपारी टोपली घेऊन परतलेली सोनीबाई डोक्याला हात लावून उभी राहिली.

"भाऊ, हा बाजूचा मोह फुलाच्या दिवसात बोडका रायते. मंग असा पाला फुटते, का खाली ऊनच येत नाई. दहा पावलं तिकडे घ्या ना."

"बाई, फोटो वर गेला. आता जागा बदलत नाई," बसवणारा म्हणाला.

वैशाखात मोहाला पाला फुटला आणि माझा तोरा उतरला. भर दुपारी माझी धार करंगळीएवढी. भादव्यात पावसाने दडी मारली. धानात दूध भरायची वेळ होती. सोनीबाईचा मुलगा इसरू कुऱ्हाड घेऊन आला.

"तोडतोच मी याले."

"याच्याच फुलावर तू लहानाचा मोठा झाला. ठेव ते कुराड," सोनीबाई म्हणाली.

इसरूने मामाचे डिझेल इंजिन आणले, पुन्हा कॅन घेऊन धानोऱ्याला पळाला. तोवर दोन बांध्यांतले, म्हणजे खाचरांतले, धान पोचट झाले होते. मी नुसता पाहत राहिलो. तेव्हापासून दरवर्षी हेच चालले आहे. मला हलवण्याचे अर्ज तीनदा गेले. उत्तर एकच आले, जागा बदलली तर अनुदान रद्द.

मित्रांनो, माझ्यासारखे पंप गावोगाव यायलाच हवेत. फक्त खड्डा खणण्याआधी त्या शेतातल्या बाईची वाट पाहा. बारा महिन्यांची सावली तिलाच ठाऊक असते.

इंजिनाची काजळी माझ्या पॅनेलच्या काचेवर बसते. सोनीबाई ती रोज सकाळी पदराने पुसते. दहा पावलांवर पडलेले ऊन मला दिसत असते, आणि तिच्याकडे पाहायची मला लाज वाटते.