सुरलंउरलं

त्याला चार नावं. कर्नल खून पाडायचा, भगत भुतं उठवायचा, माई बायकांना रडवायची. चौथं नाव आईवडिलांनी ठेवलेलं. त्या नावावर एकच पुस्तक, तेही नातेवाइकांनी भिडेखातर घेतलेलं. ही चौघं एकाच टेबलावर लिहितात हे ठाऊक फक्त प्रकाशकाला.

आज थोरली बहीण त्याच टेबलापाशी बसून माईंची नवी कादंबरी वाचत होती. तो चहाच्या कपाआड लपला होता.

"तू नाकं मुरडशील," ती म्हणाली, "पण ही बाई खरं लिहिते रे. यातली ती, नवरा गेल्यावर पहिल्याच रात्री दिवा चालू ठेवून झोपते. सुटल्यासारखं वाटतं तिला. मला वाटायचं, असं वाटणारी वाईट बाई मी एकटीच."

हे तिने त्याला सांगितलं होतं. एकट्याला, रडत रडत. त्याने पाठ थोपटली होती, घरी येऊन लिहायला बसला होता.

"ऐक. 'सुरलंउरलं झाकून ती आडवी...'"

ती थांबली.

लहानपणी त्याला उरलंसुरलं म्हणता यायचं नाही. घरातले अजून त्याचाच शब्द वापरून त्याला चिडवत. घराबाहेर तो शब्द कुणाला माहीत नव्हता.

कर्नलने लिहिलं असतं, तर इथे दार वाजलं असतं.

भगतने लिहिलं असतं, तर दिवे गेले असते.

माईने भावाला बहिणीच्या पायांवर घातलं असतं.

तो म्हणाला, "छपाईची चूक असेल."

"हो का." तिने पुस्तक मिटलं. "म्हणजे यातली ती बाईही मीच. झाले परत एकटी."

ती उठली, चपला शोधू लागली.

"एकटी नाहीस, ताई. बायकांची पत्रं येतात. आम्हीही दिवा चालू ठेवला, लिहितात. खूप जणी."

"कुणाला लिहितात?"

'माईंना' हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

"मला."

ती एक चप्पल घालून तशीच उभी राहिली. "त्यांना माहितेय, तू बाई नाहीस ते?"

"नाही."

"मग सांगू नकोस," ती म्हणाली. "मला कळलं तेवढं पुरे."