धुरपदाबाईच्या हातची भाकर

अभिमनच्या हातात कोंबडी होती आणि अभिमनचं मनगट भुऱ्या कुत्र्याच्या जबड्यात. भुऱ्या चावत नव्हता, नुसता धरून होता. पण जावई पडला मानी. त्याने हिसडा दिला आणि दात लागायचे ते लागले. कोंबडी कलकलाट करत केळीत पळाली.

धुरपदाबाईने कपाळाला हात लावला. जावयाने बोट दाखवावं आणि ती कोंबडी कापावी, ही घरची रीत. एरवी कोंबडी धरायची असली की ती आधी भुऱ्याला मागच्या निंबाला बांधून यायची. आज दोन वर्षांनी जावई दारात आला आणि आनंदाच्या भरात तेवढं एकच काम राहून गेलं.

"पाय धरते, जवाईबापू," चिंधी बांधता बांधता ती म्हणाली. "त्याले पाव्हना समजत नाही. कोंबडी उचलली का चोर, एवढंच समजते."

भुऱ्याचा तरी काय दोष? मेंढरंवाल्या उखर्डूने दिला तेव्हा त्याचे डोळेही उघडले नव्हते. शेळीच्या दुधाचे बोळे पाजून, खुडूक कोंबडीच्या उबेला ठेवून तिने त्याला खुराड्यातच वाढवला. तेव्हापासून सातपुड्याकडून उतरणारा कोल्हा असो की केळीतलं रानमांजर, एक पिलू कुणी नेलं नाही. चोर विष घालतात म्हणून उखर्डूने बजावलं होतं, खाऊ घालणारा हात एकच ठेव. तिने तो ठेवला. लेक कुंदाने टाकलेला तुकडाही भुऱ्या हुंगत नसे.

"मामी, मी कुंदाला न्यायला आलो होतो," अभिमन म्हणाला. धुळ्याला राहून त्याची बोली शहरी झाली होती. "पण ते कुत्रं जिवंत असेपर्यंत मी या दारातून बायको नेणार नाही. सासुरवाडीच्या कुत्र्याने फाडला, असं उद्या गावभर होईल."

"माय, उखर्डूबाबाले परत देऊन टाक ना त्याले," कुंदा चौकटीतून म्हणाली.

"परतबिरत काही नाही. दुपारची एसटी आहे. बघा."

दोन वर्षं विहिरीवरच्या बाया विचारत होत्या, कुंदा अजून अठी माहेरीच का? विचारायच्या आणि उत्तर न ऐकताच पोहरा ओढायच्या. आज गेली तर गेली, नाहीतर जन्माची माहेरी. पोटच्या पोरीपुढे कुत्र्याचं काय मोल! धुरपदाबाईने हे स्वतःला तीनदा सांगितलं.

शेजारच्या मळ्यात कोल्ह्यांसाठी ठेवलेलं कुचल्याचं विष तिने मागून आणलं. भाकरीत तूप-गूळ कुस्करला. भुऱ्याने वास घेतला आणि तो थबकला. त्याने वर तिच्याकडे पाहिलं. तिने हात मागे घेतला नाही. मग त्याने शेपूट हलवली आणि तिच्या तळहातावरचं सगळं चाटूनपुसून खाल्लं. कुंदा चौकटीतच उभी होती. ती आत गेली नाही.

नंतर धुरपदाबाईने राखेने तीनदा हात धुतले आणि लेकीच्या शिदोरीला बसली. दोन भाकरी, ठेचा, दोन उकडलेली अंडी. फडक्याची गाठ तिने घट्ट मारली.

कुंदाने शिदोरी घेतली, पायाला हात लावला, पण डोळे वर केले नाहीत. निघताना ती एकदा खुराड्याकडे जाऊन आली. अभिमन पुढे, ती मागे. एसटीची धूळ खाली बसेपर्यंत धुरपदाबाई सडकेवर उभी होती. विहिरीवरच्या बाया बघत होत्या, तेवढं बरं वाटलं.

परत आली तेव्हा कोंबड्या निपचित पडलेल्या भुऱ्याभोवती गोळा झाल्या होत्या. एक तर त्याच्या पोटाला टेकून बसली होती, रोजच्यासारखी. खुराड्याच्या छपरावर शिदोरी होती. गाठ तशीच घट्ट.

"इसरली असन पोरगी," ती मोठ्याने म्हणाली.

तिने गाठ सोडली. भाकरीचा तुकडा मोडला आणि भुऱ्याशेजारी बसून स्वतःच्या तोंडात घातला.